फॉरमॅटचे पर्याय बदलले तरी एक्सएफएसटेस्ट्सचा निकाल तोच कसा? आणि कुठली टेस्ट वगळायची?

पर्वरीकर

मंडळी, जरा डोकं लावा. आम्ही हॉटेलांच्या सीसीटीव्ही रेकॉर्डिंगसाठी छोटे स्टोरेज बॉक्स जुळवून देतो. सगळ्या बॉक्सवर नवं कर्नल चढवायचंय, म्हणून आधी एक्सएफएसटेस्ट्स, म्हणजे फाइलसिस्टिम तपासणाऱ्या टेस्टचा संच, चालवून बघतोय. गिऱ्हाइकांकडे तीन तऱ्हेची फाइलसिस्टिम आहे. पहिली साधी, ४ केबी ब्लॉकची एक्सएफएस. दुसरी तीच, पण लॉग (बदल आधी नोंदवण्याची जागा) वेगळ्या एसएसडीवर ठेवलेली. तिसरी १ केबी ब्लॉकची, बारक्या फाइली खूप म्हणून कुणीतरी पूर्वी करून ठेवलेली. लोकल डॉट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलीत याच क्रमाने तीन सेक्शन केले, ऑटो ग्रुप (नेहमीच्या टेस्टचा गट) लावला आणि रात्रभर सोडून दिला.

सकाळी निकाल बघितला तर तिन्ही सेक्शनची नापास यादी जवळजवळ सारखी, आणि 'नॉट रन'ची, म्हणजे न चाललेल्या टेस्टची, यादी तर एकच. चार केबी आणि एक केबी ब्लॉकमध्ये काहीच फरक पडू नये, हे मनाला पटत नाही. त्यात 'नॉट रन' एवढ्या की साहेब म्हणाले, "मग तपासलंस काय?"

पर्याय खरोखर लागू होतायत की नाही हे ओळखायचं कसं? आणि ज्या टेस्टचा आमच्याशी संबंध नाही त्या त्या-त्या सेक्शनपुरत्या वगळायच्या कशा?

सत्तरीकर

"रात्रभर सोडून दिला" वाचून धडकीच भरली. यूपीएस लावलाय ना रे? आमच्या वाळपईला पावसाळ्यात रात्रीत तीनदा वीज जाते. लॉग रिकव्हरीची टेस्ट सरकारी खर्चाने होते ती वेगळी.

अंत्रुजकर

पर्वरीकरबाब, तुमचा संशय रास्त आहे. मोबाइलवरून लिहितोय आणि कळफलक देवनागरीवर अडकलाय, तेव्हा व्हेरिएबलची नावं कॅपिटल इंग्रजीत आहेत असं समजून वाचा.

या हार्नेसमध्ये, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या सांगाड्यात, दोन डिस्क असतात आणि दोघींचा स्वभाव वेगळा. स्क्रॅच_डेव्ह टेस्टच्या ताब्यात असते. ज्या टेस्टला ती लागते, ती टेस्ट ती पुसते, फॉरमॅट करते, पुन्हा पुसते. टेस्ट_डेव्ह मात्र तुम्ही एकदा फॉरमॅट करून द्यायची. टेस्ट तिच्यावर फाइली करतात, पण तिला पुन्हा फॉरमॅट करत नाहीत. ती जुनी, वापरून मळलेली राहावी हाच हेतू आहे, म्हणजे नव्या कोऱ्या फाइलसिस्टिमवर न दिसणारे दोष तिथे दिसतात.

आता तुम्ही तिसऱ्या सेक्शनमध्ये एमकेएफएस_ऑप्शन्सला (फॉरमॅट करणाऱ्या एमकेएफएस कमांडच्या पर्यायांना) ब्लॉक साइझ १०२४ दिलीत. ती स्क्रॅचला लागली. टेस्ट_डेव्हला कोणी हात लावलाच नाही. टेस्ट चालवणारी चेक स्क्रिप्ट टेस्ट_डेव्ह नव्याने फॉरमॅट करते ती दोनच प्रसंगी: फाइलसिस्टिमचा प्रकारच बदलला, म्हणजे एक्सएफएसचं ईएक्सटी४ झालं, किंवा तुम्ही रीक्रिएट_टेस्ट_डेव्ह=ट्रू असं सांगितलंत. तुमचे तिन्ही सेक्शन एक्सएफएसच, तेव्हा फक्त टेस्ट_डेव्हवर चालणाऱ्या सगळ्या जेनेरिक (कुठल्याही फाइलसिस्टिमसाठीच्या) टेस्ट तिन्ही वेळा त्याच ४ केबीच्या डिस्कवर चालल्या. निकाल सारखा नाही येणार तर काय होणार?

खात्री करायला काही लागत नाही. तिसरं सेक्शन चालू असताना टेस्ट_डिरवर (टेस्ट_डेव्ह जिथे माउंट होते तो फोल्डर) एक्सएफएस_इन्फो चालवा आणि बीसाइझ, म्हणजे ब्लॉकचा आकार, वाचा.

दुसरी भानगड सेक्शनच्या वारशाची. एका सेक्शनमध्ये दिलेलं व्हेरिएबल पुढच्या सेक्शनमध्ये तसंच उतरतं, तिथे बदललं नाही तर. सोय म्हणून केलंय, रीडमीमध्ये सावधगिरीचा इशाराही आहे, पण तो वाचतो कोण? तुम्ही दुसऱ्या सेक्शनमध्ये यूझ_एक्सटर्नल=येस आणि स्क्रॅच_लॉगडेव्ह दिलं असणार. तिसऱ्यात ते काढलंत का? नसेल तर तुमचं "१ केबीचं सेक्शन" म्हणजे १ केबी अधिक बाहेरचा लॉग. तसा बॉक्स तुम्ही एकाही हॉटेलला दिलेला नाही.

मी स्वतः प्रत्येक सेक्शनमध्ये सगळी व्हेरिएबलं पुन्हा लिहितो, रिकामी असली तरी रिकामी म्हणून लिहितो. फाइल लांबते, चालतं. यूझ_एक्सटर्नल=नो ही एक ओळ वाचवून काय मिळवायचंय?

पर्वरीकर

अंत्रुजबाब, देव बरें करूं. बीसाइझ ४०९६ आली, तिसऱ्या सेक्शनमध्ये. यूझ_एक्सटर्नलही तसंच उतरलेलं. आता रीक्रिएट चालू करून आणि सगळं स्पष्ट लिहून पुन्हा लावतो. दुसऱ्या सेक्शनमध्ये टेस्ट_लॉगडेव्हसुद्धा द्यायचं ना?

अंत्रुजकर

द्यायचं, पण रीक्रिएटबरोबरच. आतला लॉग असलेल्या जुन्या टेस्ट_डेव्हला बाहेरचा लॉग सांगून माउंट करायला गेलात तर एक्सएफएस सरळ नकार देतं, आणि सेक्शन सुरूच होणार नाही.

मयेकरीण

आता 'नॉट रन'कडे वळूया. माझ्या मते खरी गोम तिथे आहे आणि धाग्यात तो भाग अजून आलेला नाही.

टेस्टच्या सुरुवातीला _रिक्वायरने सुरू होणाऱ्या ओळी असतात: स्क्रॅच हवी, रीफ्लिंक (दोन फाइलींनी तेच ब्लॉक वाटून घेणं) हवं, अमुक एक्सएफएस_आयओ कमांड हवी. त्यातली एखादी पुरी झाली नाही की _नॉटरन बोलावलं जातं. ते कारण एका डॉट नॉटरन फाइलमध्ये लिहितं आणि शून्य एक्झिट स्टेटसने बाहेर पडतं. म्हणजे शेल स्क्रिप्टच्या नजरेत ती टेस्ट सुखरूप संपली. तुमच्या सीआयने (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेने) फक्त चेकचा एक्झिट कोड बघितला तर सगळं हिरवं दिसतं.

म्हणून रन संपल्यावर मी पहिलं काम करते ते हे: रिझल्ट्सखाली त्या सेक्शनच्या फोल्डरमधल्या सगळ्या डॉट नॉटरन फाइली कॅट, त्यावर सॉर्ट, त्यावर युनिक मायनस सी, आणि पुन्हा आकड्याने सॉर्ट. कारणांची यादी हातात येते, सर्वांत जास्त वेळा आलेलं कारण टोकाला.

ती यादी वाचली की कळतं, बहुतेक कारणांचा फॉरमॅटशी काडीचा संबंध नसतो. फियो (डिस्कवर भार टाकणारं साधन) बसवलेलं नाही. एफएसजीक्यूए नावाचा युझर नाही. (तीन लागतात: एफएसजीक्यूए, एफएसजीक्यूए२ आणि १२३४५६-एफएसजीक्यूए. तिसरं नाव आकड्याने सुरू होतं म्हणून डेबियनचं ॲडयूझर कुरकुर करतं, त्याला जबरदस्ती करावी लागते.) कर्नलमध्ये फेल_मेक_रिक्वेस्ट (मुद्दाम डिस्क-एरर आणण्याची सोय) नाही, म्हणून जेनेरिक/०१९ गेली. लॉगराइट्स_डेव्ह दिलेलं नाही, म्हणून जेनेरिक/४५५, ४५७ आणि ४८२ गेल्या. पर्वरीकर, तुमच्या तिन्ही याद्या एकसारख्या आल्या त्या यामुळेच. त्यात मशीनचं दारिद्र्य दिसतं, फाइलसिस्टिमचा त्यात काही भाग नाही.

आणि या शेवटच्या तीन टेस्ट तुम्हाला सर्वांत जास्त हव्यात. त्या डीएम-लॉग-राइट्स वापरून प्रत्येक लिखाणाची नोंद ठेवतात आणि मधल्या मधल्या टप्प्यावर वीज गेली असती तर फाइलसिस्टिम उभी राहिली असती का, ते बघतात. हॉटेलातल्या कोपऱ्यात यूपीएसशिवाय ठेवलेल्या बॉक्ससाठी दुसरं काय तपासायचं? एक जास्तीची रिकामी डिस्क द्या आणि चालवा.

ही कारणं मिटवल्यावर जी यादी उरेल ती खरी फॉरमॅटची. रिअलटाइम डिव्हाइस नाही, क्वोटा माउंट पर्याय नाही, अशी. ती सेक्शनप्रमाणे वेगळी दिसायलाच हवी.

फर्मागुडी_शेवटचं_वर्ष

ताई, मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हेच लॅपटॉपवर करून बघतोय. वेगळी डिस्क नाही. लूप डिव्हाइसवर चालेल का? आणि २०० एमबीची फाइल करून एमकेएफएस डॉट एक्सएफएस चालवलं तर "३०० एमबीपेक्षा मोठी हवी" म्हणतं. पण टेस्टच्या आत तर याहून लहान फाइलसिस्टिम बनताना दिसतात! असं कसं?

मयेकरीण

लूपवर छान चालतं. ट्रंकेटने वीस-वीस जीबीच्या दोन स्पार्स फाइली कर, लोसेटअपने जोड, एक टेस्टला एक स्क्रॅचला. जागा लागेल तेवढीच खाते. फक्त घरच्या फोटोंचं पार्टिशन स्क्रॅच_डेव्हला देऊ नकोस.

३०० एमबीचं असं आहे: एक्सएफएसप्रोग्ज (एमकेएफएस डॉट एक्सएफएस वगैरे साधनांचा संच) ५.१९ पासून, म्हणजे २०२२ पासून, त्याहून लहान एक्सएफएस करायला एमकेएफएस नकार देतं. लहान फाइलसिस्टिमवर लॉग फारच छोटा पडतो आणि मग लोक एक्सएफएस हळू आहे म्हणून बोंबलतात. पण टेस्टना लहान फाइलसिस्टिम लागतातच, डिस्क भरून टाकायची असते ना. म्हणून एमकेएफएसच्या कोडमध्ये एक मागचं दार ठेवलंय. एन्व्हायर्नमेंटमध्ये टेस्ट_डिर, टेस्ट_डेव्ह आणि क्यूए_चेक_एफएस ही तिन्ही असली की तो नियम लागत नाही. टेस्टच्या बाहेर हातानेच तोच प्रयोग करशील तर अडकशील.

अंत्रुजकर

लॅपटॉपचा विषय निघालाच तर: ब्लॉक आकार कर्नलच्या पेज आकाराहून मोठा असेल तर एक्सएफएस ६.१२ च्या आधीच्या कर्नलवर माउंटच होत नाही. ६.१२ नोव्हेंबर २०२४ चं. रास्पबेरी पाय ५ चं नेहमीचं कर्नल १६ केबी पेजचं असतं, तिथे १६ केबी ब्लॉकची डिस्क मजेत चालते आणि तीच तुझ्या जुन्या कर्नलच्या लॅपटॉपला लावलीस तर तोंड फिरवते. "फॉरमॅट झालं" म्हणजे "माउंट होईल" असं नव्हे. टेस्ट लिहिताना या दोन पायऱ्या वेगळ्या तपासायच्या.

पर्वरीकर

नवा निकाल आला. आता फरक दिसतोय! बाहेरच्या लॉगची यादी वेगळी, १ केबीची वेगळी. फियो, युझर, लॉगराइट्स डिस्क सगळं दिल्यावर 'नॉट रन' निम्म्याहून कमी झाल्या. पण १ केबी सेक्शनमध्ये एक विचित्र गोष्ट. एक टेस्ट पास आहे, आणि तिच्या डॉट फुल फाइलमध्ये (सविस्तर नोंदीत) मात्र एमकेएफएसची एरर आहे. पास कशी झाली?

मयेकरीण

हा सापडला बघा चोर. ती डॉट फुल फाइल उघडून एररच्या खालच्या ओळी वाचा. दोन-दोन ताऱ्यांमध्ये "एमकेएफएस फेल्ड विथ एक्स्ट्रा एमकेएफएस ऑप्शन्स ॲडेड टू" असेल, पुढे अवतरणात तुमचेच पर्याय. त्याखाली "अटेम्प्टिंग टू एमकेएफएस यूझिंग ओन्ली टेस्ट" अमुक "ऑप्शन्स". आहे?

पर्वरीकर

अगदी तसंच. अवतरणात माझं ब्लॉक साइझ १०२४. वरची एरर "ब्लॉक साइझ ऑप्शन रीस्पेसिफाइड" अशी काहीतरी.

मयेकरीण

म्हणजे त्या टेस्टला स्वतःचा ब्लॉक आकार हवा होता. तुमचा आकार आणि तिचा आकार एकाच कमांडवर आले, एमकेएफएस डॉट एक्सएफएसला एकच पर्याय दोनदा चालत नाही, ते पडलं. मग _स्क्रॅच_एमकेएफएसने तुमचे पर्याय गुपचूप बाजूला ठेवले आणि फक्त टेस्टच्या पर्यायांनी फॉरमॅट केलं. टेस्ट चालली, पास झाली, अहवालात "१ केबी: पास" म्हणून लागली. १ केबीवर ती चाललीच नाही.

वगळलेल्या टेस्टपेक्षा मला ही जास्त खटकते. वगळलेली निदान सांगते तरी की मी आले नव्हते. ही दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावते.

टेस्टचा हेतूच जर विशिष्ट ब्लॉक आकारावरचा जुना बग पकडणं असेल तर हे वागणं बरोबरही आहे, त्यामुळे हार्नेसला शिव्या घालत नाही. पण अहवाल वाचणाऱ्याला हे माहीत हवं. प्रत्येक सेक्शनच्या डॉट फुल फाइलींवर "अटेम्प्टिंग टू एमकेएफएस यूझिंग ओन्ली" हे ग्रेप करा आणि ती यादी निकालाला वेगळी जोडा. तुमच्या क्लोनमधलं कॉमन/आरसी उघडलंत तर हा सगळा खेळ एकाच फंक्शनमध्ये सापडेल, वाचायला सोपा आहे.

दूधसागर_लोकल

एवढा घोळ कशाला? सोपा उपाय सांगतो: एमकेएफएस पडलं की _नॉटरन. पर्याय जुळले नाहीत, टेस्ट वगळली, विषय संपला. आमच्याकडे आम्ही तशीच दुरुस्ती करून ठेवलीय.

मयेकरीण

लोकलबाब, आणि उद्या एमकेएफएसच मोडलं तर? नवीन एक्सएफएसप्रोग्ज आलं, त्यात १ केबीवर एमकेएफएस कोसळतं, समजा. तुमच्या दुरुस्तीने सगळ्या टेस्ट 'नॉट रन', नापास एकही नाही, एक्झिट कोड शून्य. सर्वांत मोठा बग सर्वांत शांतपणे निघून जाईल.

दूधसागर_लोकल

बरं, पण मग ६४ केबी ब्लॉकवर एखादी टेस्ट अगदी चिमुकली फाइलसिस्टिम मागते, ती होऊच शकत नाही. तिथे नापास दाखवून काय साधतं? रोज लाल दिवा बघून लोक बघायचंच सोडतात. ते जास्त वाईट.

अंत्रुजकर

यात दोघांचंही बरोबर आहे, मध्ये पडतो. "एमकेएफएस पडलं" एवढं कारण वगळायला पुरेसं नाही, पण "या ब्लॉक आकारावर एवढी लहान फाइलसिस्टिम होत नाही" हे पुरेसं आहे. पहिलं निरीक्षण, दुसरं कारण. तेव्हा टेस्टमध्ये आधी त्या कारणाचीच तपासणी करायची, ती लागू पडली तर _नॉटरन, आणि तपासणीतून पार पडल्यावरही एमकेएफएस पडलं तर खुशाल _फेल.

तपासणी करायची ती बनवलेल्या फाइलसिस्टिमवर. एमकेएफएस_ऑप्शन्सच्या मजकुरात ग्रेप मारून नाही. हे नवखे लोक हमखास करतात: मजकुरात रीफ्लिंक=१ आहे का बघतात, नसेल तर वगळतात. पण एक्सएफएसप्रोग्ज ५.१ पासून, २०१९ पासून, रीफ्लिंक आपोआप चालू असतं. मजकुरात कुणी लिहितच नाही. परिणाम असा की फीचर चालू आणि टेस्ट बंद. _रिक्वायर_स्क्रॅच_रीफ्लिंक बघा, ते स्क्रॅच खरंच फॉरमॅट करून विचारतं.

ईएक्सटी४च्या बिगॲलॉकचंही (एकेका ब्लॉकऐवजी ब्लॉकांच्या गटाने, म्हणजे क्लस्टरने, जागा देणं) तसंच. ४ केबी ब्लॉकवर क्लस्टर आपोआप ६४ केबीचा होतो, म्हणजे एका बाइटची फाइलसुद्धा ६४ केबी अडवते. ब्लॉक मोजणारी टेस्ट तिथे वेगळं आउटपुट देणारच. ती टेस्ट वगळायची की अपेक्षित आउटपुट क्लस्टरप्रमाणे काढायचं? जमत असेल तर दुसरं. टेस्टच्या नंबरची डॉट सीएफजी फाइल करून पर्यायाप्रमाणे वेगळं गोल्डन (अपेक्षित) आउटपुट देण्याची सोय आहेच.

दूधसागर_लोकल

कारण आणि निरीक्षण हा फरक पटला. आमची दुरुस्ती काढतो. ६४ केबीवाल्यांना मात्र तपासणी लिहावी लागणार, तुम्हीच सुचवलंत तेव्हा एकदा नजर घाला.

पर्वरीकर

आता माझा दुसरा प्रश्न. कर्नल आमच्या हातात आहे, टेस्टचा कोड नाही. वगळायचं तर बाहेरून कसं?

सत्तरीकर

हे मला येतं. चेकला छोटा ई देऊन एकेक टेस्ट वगळता येते, छोटा एक्स देऊन ग्रुप, आणि मोठा ई देऊन फाइल. फाइलच वापर. त्या फाइलीत हॅशनंतरचा मजकूर चेक सोडून देतं, तेव्हा प्रत्येक ओळीवर टेस्टचा नंबर आणि हॅश घालून कारण, तारीख, कुणी वगळलं ते लिही. कारण नसलेली ओळ आम्ही आमच्या रिपॉझिटरीत घेतच नाही. नाहीतर पुढे कुणालाच आठवत नाही आणि काढायची हिंमत कुणाला होत नाही.

अशा टेस्टपुढे 'एक्स्पंज्ड' येतं, 'नॉट रन' नव्हे. म्हणजे टेस्टने स्वतः माघार घेतली की आपण तिला बाहेर ठेवली, हे अहवालात वेगळं कळतं.

एकच मेख: ती फाइल त्या सबंध रनला लागते, सेक्शनला नाही. म्हणून सेक्शनप्रमाणे चेक वेगळा चालव. छोटा एस देऊन १ केबीचं सेक्शन, मोठा ई देऊन १ केबीची यादी. मग बाहेरच्या लॉगचं, त्याची यादी. ईएक्सटी४ची मंडळी केव्हीएम-एक्सएफएसटेस्ट्समध्ये हेच करतात, ४के, १के, बिगॲलॉक, नोजर्नल अशा प्रत्येक कॉन्फिगची वेगळी एक्स्क्लूड फाइल असते.

फर्मागुडी_शेवटचं_वर्ष

दादा, मग सरळ डेंजरस ग्रुपच छोट्या एक्सने काढला तर रन मध्येच लटकायचा नाही ना?

सत्तरीकर

लॅपटॉपवर काढ, तुला प्रोजेक्ट द्यायचाय. पर्वरीकराने काढू नये. मशीन लटकतं हाच तर त्याला हवा असलेला निकाल.

पर्वरीकर

केलं तसंच. बाहेरच्या लॉगचं सेक्शन स्वच्छ आहे. ४ केबी स्वच्छ. १ केबीमध्ये एक टेस्ट नापास होते, ती यादीत टाकणार होतो, पण आउटपुटखाली "हिंट" म्हणून ओळ आलीय: कर्नलमधली एक दुरुस्ती तुमच्याकडे नसावी, आणि पुढे कमिटचा नंबर.

अंत्रुजकर

ती वगळू नका हो! टेस्ट लिहिणाऱ्याने _फिक्स्ड_बाय_कर्नल_कमिट घालून ठेवलंय, म्हणजे हा बग माहीत आहे, दुरुस्त झालाय, आणि तुमच्या कर्नलमध्ये ती दुरुस्ती बहुधा आलेली नाही. गिट लॉगमध्ये तो कमिट शोधा. नसेल तर चेरी-पिक करा, म्हणजे तेवढाच कमिट आपल्या कर्नलमध्ये उचलून घ्या, आणि पुन्हा चालवा. हिंट फक्त अंदाज असतो, कमिट असूनही टेस्ट पडली तर प्रकरण नवं आहे.

पर्वरीकर

कमिट खरंच नव्हता. चेरी-पिक केल्यावर टेस्ट पास. साहेबांशी बोललो: ४ केबी आणि बाहेरच्या लॉगवाल्यांना आताच कर्नल देतो. १ केबीवाल्यांचं चवथ झाल्यावर, कारण हा पॅच घातलेलं कर्नल अजून मुरलेलं नाही आणि सणात कुणी कामावर सापडणार नाही.

अंत्रुजकर

तोवर त्या कर्नलवर १ केबी सेक्शनचा रिकव्हरीलूप ग्रुप फिरवत ठेवा. जेनेरिक/४७५ त्यातच येते, चालू लिखाणात डिस्क गेल्याचं सोंग करून पुन्हा पुन्हा लॉग रिकव्हरी करते. मोठा आय देऊन फेऱ्यांचा आकडा द्या, नापास झाली की तिथेच थांबते आणि डिस्कची अवस्था तशीच हाताशी राहते. छोट्या आयने ती पुढे चालत राहते आणि पुरावा पुसला जातो. डीमेसेज (कर्नलचे संदेश) वेगळ्या मशीनवर घ्या, सिरियलने नाहीतर नेटकन्सोलने. मशीन लटकलंच तर शेवटच्या चार ओळी तिथेच मिळतील.